पासवर्ड हरवलेल्या डेटाबेसपर्यंत पुन्हा पोहोचताना

हिशेब, मालाचा साठा किंवा ग्राहकांच्या नोंदी सांभाळणारे सॉफ्टवेअर एके दिवशी लॉगिन नाकारते, तेव्हा बहुतेक ठिकाणी पहिल्या तासात दोन गोष्टी घडतात. आठवतील तेवढे सगळे पासवर्ड एकामागून एक टाकून पाहिले जातात आणि ते संपले की इंटरनेटवर ‘पासवर्ड काढून देणारे’ एखादे साधन शोधले जाते. पहिल्या उद्योगामुळे खाते लॉक होण्याची शक्यता वाढते. दुसऱ्यामुळे अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम व्यवसायाची सगळी माहिती असलेल्या संगणकावर, तोही ॲडमिनच्या अधिकारांनिशी, चालवला जातो. या दोन्ही गोष्टी थांबवून आधी एक प्रश्न विचारावा: आपल्याला जुना पासवर्ड खरोखर हवा आहे का?

बहुतेक वेळा तो नको असतो. एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल किंवा ओरॅकल यांसारख्या सर्व्हर डेटाबेसमध्ये खात्याचा मूळ पासवर्ड साठवलेलाच नसतो. त्यापासून एकमार्गी गणिताने काढलेला हॅश साठवलेला असतो. त्यावरून जुना पासवर्ड काढण्यापेक्षा नवा ठरवून देणे कितीतरी सोपे असते आणि ज्याच्या ताब्यात तो संगणक आहे त्याला तसे करता यावे, अशी सोय हे सर्व्हर बनवणाऱ्यांनीच ठेवलेली असते. मात्र जिथे पासवर्डाचा उपयोग माहितीच एन्क्रिप्ट करण्यासाठी, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलण्यासाठी, झालेला असतो, तिथे असा मागचा दरवाजा नसतो. म्हणून कामाचा निम्मा भाग निदानाचा आहे.

सुरुवात अधिकारापासून

ही माहिती कोणाची आहे आणि ती उघडण्याची परवानगी कोण देऊ शकतो, हे एका कागदावर किंवा ईमेलमध्ये लिहून घ्यावे. सोडून गेलेला कर्मचारी, भागीदारांतील वाद, मालकी बदललेला व्यवसाय किंवा सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या कंत्राटदाराशी बिनसलेले संबंध, अशा परिस्थितींत ‘संगणक आमचा आहे’ एवढे म्हणणे पुरेसे नसते, कारण आतल्या नोंदींत ग्राहकांची आणि कर्मचाऱ्यांची खासगी माहितीही असते. वाद चालू असेल, तर आधी कायदेशीर सल्ला घ्यावा आणि तोपर्यंत संगणकाला हात लावू नये, कारण आपण केलेले बदल लॉगमध्ये, म्हणजे संगणक स्वतः ठेवत असलेल्या नोंदींत, उमटू शकतात आणि त्यावर पुढे प्रश्न विचारले जाऊ शकतात. वाद नसेल, तरीही लेखी संमती, काम करणाऱ्याचे नाव, तारीख आणि केलेल्या प्रत्येक बदलाची वेळ, एवढी नोंद ठेवावी. विक्रेत्याचा मदत विभागही मालकीचा पुरावा मागतोच, त्यामुळे परवाना क्रमांक, खरेदीची पावती आणि नोंदणीकृत ईमेल पत्ता आत्ताच शोधून ठेवावा.

कुलूप नेमके कोणते

‘डेटाबेसचा पासवर्ड’ या एकाच शब्दाखाली तीन निराळी कुलुपे येतात.

पहिले सॉफ्टवेअरचे स्वतःचे. येथे डेटाबेस व्यवस्थित चालू असतो, सॉफ्टवेअर त्याला जोडलेलेही असते, फक्त सॉफ्टवेअरच्या लॉगिन पडद्यावर ॲडमिनचे नाव चालत नाही. ही नावे आणि त्यांचे हॅश बहुधा त्याच डेटाबेसमधील एखाद्या तक्त्यात असतात. दुसरे कुलूप सर्व्हरचे: सॉफ्टवेअर सुरू होतानाच ‘डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही’ असे सांगते, किंवा देखभालीसाठी लागणारे मुख्य खाते कोणालाच उघडता येत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये या खात्याचे नाव ‘एसए’, मायएसक्यूएलमध्ये ‘रूट’, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘पोस्टग्रेस’, तर ओरॅकलमध्ये ‘सिस’ आणि ‘सिस्टीम’. तिसरे कुलूप फाइलचे किंवा माहितीचे, म्हणजे एन्क्रिप्शन.

ओळखण्याची एक सोपी कसोटी अशी. एक जरी वापरकर्ता सॉफ्टवेअरमध्ये शिरू शकत असेल, तर सर्व्हरशी जोडणी शाबूत आहे आणि प्रश्न बहुधा पहिल्या कुलुपाचा आहे. कोणीच शिरू शकत नसेल, पण त्या संगणकावर डेटाबेसची सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम, चालू दिसत असेल, तर बहुधा दुसरे. आणि सर्व्हिस वगैरे काही नाहीच, एकच फाइल आहे आणि ती उघडताना पासवर्ड मागितला जातो, तर तिसरे. टॅली वापरणाऱ्यांसाठी हा फरक विशेष महत्त्वाचा आहे. तेथे वापरकर्त्यांचे पासवर्ड वेगळे आणि टॅलीव्हॉल्ट वेगळे. व्हॉल्ट लावलेल्या कंपनीचे नाव यादीत ताऱ्यांच्या चिन्हांनी झाकलेले दिसते आणि तिची माहिती एन्क्रिप्ट केलेली असते. नावाच्या जागी तारे दिसत असतील, तर प्रश्न तिसऱ्या कुलुपाचा आहे हे तिथेच समजावे.

चूक दाखवणारा क्रमांक हा निदानातला सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे, आणि तोच लोक वाचत नाहीत. एसक्यूएल सर्व्हर लॉगिन नाकारताना १८४५६ हा क्रमांक देतो. पडद्यावर त्याची स्थिती नेहमी १ दिसते, कारण बाहेरच्याला जास्त माहिती मिळू नये अशी ती योजना आहे. खरी स्थिती सर्व्हरच्या ‘एररलॉग’ फाइलमध्ये असते. तिथे ५ असेल तर त्या नावाचे लॉगिनच नाही, ८ असेल तर पासवर्ड चुकला आहे, ३८ असेल तर मागितलेला डेटाबेस उघडता आलेला नाही, आणि ५८ असेल तर सर्व्हर फक्त विंडोजची ओळख स्वीकारतो आहे आणि आपण नाव-पासवर्ड देत आहोत. शेवटच्या प्रकारात बरोबर पासवर्ड टाकूनही काही होणार नाही. खाते लॉक झाले असेल तर १८४८६, पासवर्डाची मुदत संपली असेल तर १८४८७ आणि तो बदलणे सक्तीचे असेल तर १८४८८ येतो. ओरॅकलमध्ये ओआरए-०१०१७ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकीचा, ओआरए-२८००० म्हणजे खाते लॉक आणि ओआरए-२८००१ म्हणजे मुदत संपली. मायएसक्यूएलचा नकार १०४५ या क्रमांकाने येतो. लॉक झालेले किंवा मुदत संपलेले खाते हा ‘हरवलेला पासवर्ड’ नव्हे. तिथे दुसऱ्या ॲडमिनने कुलूप काढणे पुरते, आणि काही ठिकाणी ठरावीक वेळ थांबले की लॉक आपोआप निघते.

हात लावण्याआधी प्रत

पुढची कोणतीही पायरी प्रतीशिवाय करू नये. डेटाबेसची सर्व्हिस चालू असताना तिच्या फाइली नुसत्या कॉपी केल्या, तर प्रत अर्धवट किंवा विसंगत होऊ शकते. म्हणून सर्व्हिस नीट थांबवावी, मग डेटा आणि लॉग अशा दोन्ही प्रकारच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्याव्यात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये या फाइलींची शेपटे एमडीएफ, एनडीएफ आणि एलडीएफ अशी असतात. त्यांच्याबरोबर ‘मास्टर’ या नावाच्या सिस्टीम डेटाबेसच्या फाइलीही घ्याव्यात, कारण लॉगिनची यादी तिथे असते. मूळ फाइल आणि प्रत यांचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, जुळवून पाहावा. आभासी यंत्र असेल तर ते बंद करून स्नॅपशॉट, म्हणजे त्याच्या त्या क्षणीच्या अवस्थेची प्रत, घेतलेला उत्तम, पण त्यावरच विसंबू नये; तो बहुधा त्याच डिस्कवर असतो.

याच वेळी अलीकडचा बॅकअप कुठे आहे हेही शोधावे. बॅकअपचा उपयोग नुसता विमा म्हणून नसतो. तोच प्रवेशाचा मार्गही ठरू शकतो, हे पुढे येईल.

पासवर्ड बहुधा कुठेतरी लिहिलेला असतो

सॉफ्टवेअर रोज सकाळी डेटाबेसला जोडले जात होते, याचा अर्थ त्याला पासवर्ड माहीत होता. तो कुठून घेत होते? वेबवर चालणाऱ्या डॉटनेट सॉफ्टवेअरमध्ये ‘वेब.कॉन्फिग’ किंवा ‘ॲपसेटिंग्ज.जेसन’, अन्य अनेक प्रणालींत ‘.ईएनव्ही’ नावाची फाइल, पोस्टग्रेएसक्यूएलच्या वापरकर्त्याच्या फोल्डरमधील ‘.पीजीपास’, मायएसक्यूएलची ‘.माय.सीएनएफ’, विंडोजचा क्रेडेन्शियल मॅनेजर आणि रात्री चालणाऱ्या बॅकअपच्या स्क्रिप्ट या नेहमीच्या जागा आहेत. त्यातही बॅकअपची स्क्रिप्ट आधी उघडावी, कारण ती एकदा लिहिली की कोणी तिच्याकडे पाहत नाही आणि तिच्यात पासवर्ड सरळ अक्षरांत पडून असतो. डॉटनेटमधील जोडणीचा मजकूर एन्क्रिप्ट केलेला असला, तरी त्याच संगणकावर ‘एएसपीनेट-रेगआयआयएस’ हे मायक्रोसॉफ्टचे साधन वापरून तो बहुधा वाचता येतो, कारण किल्ली त्या यंत्रातच असते.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सर्व्हरवर विंडोजचे एखादे स्थानिक खाते उघडत नाही म्हणून बाहेरून त्याचा पासवर्ड जबरदस्तीने बदलला, तर त्या खात्याने विंडोजच्या संरक्षणात ठेवलेली गुपिते आणि ईएफएसने (विंडोजच्या फाइल-एन्क्रिप्शनने) एन्क्रिप्ट केलेल्या फाइली वाचता येईनाशा होऊ शकतात. ज्या खात्याखाली डेटाबेसची सर्व्हिस किंवा जुन्या ॲडमिनचे काम चालत होते, त्या खात्याबाबत हा मार्ग शेवटी ठेवावा. दुसऱ्या ॲडमिन खात्याने आत शिरता आले तर तेच करावे. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-एन्क्रिप्शन) लावलेला असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधून काढावी, कारण डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडल्यावर तिच्याशिवाय काही दिसणार नाही.

एसक्यूएल सर्व्हर

व्यवसायाच्या सॉफ्टवेअरखाली हा सर्व्हर फार वेळा आढळतो, बहुधा त्याच्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीच्या रूपाने, म्हणून त्याची रीत सविस्तर देत आहे. आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. त्यांची नेमकी मांडणी आपल्या आवृत्तीच्या अधिकृत दस्तऐवजात पाहून घ्यावी.

आधी हे तपासावे की विंडोजच्या ओळखीवर सरळ आत जाता येते का. २००८च्या आवृत्तीपासून संगणकाच्या ॲडमिन गटाला सर्व्हरचे पूर्ण अधिकार आपोआप मिळत नाहीत, परंतु ज्या विंडोज खात्याने तो बसवला गेला त्याला ते सहसा दिलेले असतात. ते खाते उपलब्ध असेल तर त्याने लॉगिन करून मॅनेजमेंट स्टुडिओ या सर्व्हर सांभाळण्याच्या साधनातून ‘एसए’चा पासवर्ड बदलावा आणि काम तिथेच संपते.

ते नसेल, तर सर्व्हर एकवापरकर्ता पद्धतीत सुरू करावा लागतो. या पद्धतीत संगणकाच्या स्थानिक ॲडमिन गटातील कोणताही सदस्य सर्व्हरचा पूर्ण अधिकारी म्हणून जोडला जातो. मायक्रोसॉफ्टने नेमक्या याच प्रसंगासाठी ठेवलेली ही अधिकृत सोय आहे. पायऱ्या अशा:

१. सॉफ्टवेअर वापरणाऱ्या सगळ्यांना बाहेर पडायला सांगावे आणि ज्या सर्व्हिस डेटाबेसला जोडतात त्या सर्व थांबवाव्यात. ‘एसक्यूएल सर्व्हर एजंट’ विसरू नये. तो चालू राहिला तर उपलब्ध असलेली एकुलती एक जागा तोच पटकावतो.

२. एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडून संबंधित इन्स्टन्सच्या (त्या यंत्रावर बसवलेल्या सर्व्हरच्या) गुणधर्मांत ‘स्टार्टअप पॅरामीटर्स’ येथे ‘-एम’ हा पर्याय जोडावा. त्याच्यापुढे जोडणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव दिले, उदाहरणार्थ ‘एसक्यूएलसीएमडी’, तर त्या नावाच्या प्रोग्रॅमखेरीज इतर कोणाला जागा मिळत नाही. हे नाव लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पाळून द्यावे लागते.

३. सर्व्हिस पुन्हा सुरू करावी. कमांडची खिडकी ‘ॲडमिन म्हणून चालवा’ या पर्यायानेच उघडावी; तसे न केल्यास आपले खाते ॲडमिन गटात असूनही विंडोज ते अधिकार पुढे पाठवत नाही. येथे अडकलेल्यांची संख्या मोठी असावी, असे मदतीच्या प्रश्नांवरून वाटते.

४. विंडोजच्या ओळखीने जोडून ‘क्रिएट लॉगिन’ या आज्ञेने आपल्या विंडोज खात्याचे लॉगिन बनवावे आणि ‘अल्टर सर्व्हर रोल’ने त्याला ‘सिसॲडमिन’ या भूमिकेत घालावे. ही दुसरी आज्ञा २०१२पासून आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘एसपी_ॲडसर्व्हररोलमेंबर’ वापरावे लागते.

५. ‘-एम’ काढून सर्व्हिस पुन्हा नेहमीसारखी सुरू करावी. मग शांतपणे मॅनेजमेंट स्टुडिओमधून आत जाऊन ‘एसए’ किंवा सॉफ्टवेअरचे जे खाते असेल त्याचा पासवर्ड बदलावा, लॉक असेल तर ‘अनलॉक’ आणि बंद असेल तर ‘एनेबल’ करावे.

एकवापरकर्ता पद्धतीत असतानाच सगळी कामे उरकण्याचा मोह टाळावा. तिथे फक्त स्वतःसाठी दार उघडावे.

यंत्रच बिघडले असेल किंवा त्यावर ॲडमिनचे अधिकार मिळतच नसतील, तर प्रत कामाला येते. लॉगिन आणि त्यांचे पासवर्ड सर्व्हरच्या ‘मास्टर’मध्ये राहतात, व्यवसायाच्या डेटाबेसमध्ये नव्हे. त्यामुळे बॅकअप, किंवा नीट बंद केलेल्या फाइली, आपण अधिकारी असलेल्या दुसऱ्या सर्व्हरवर पुनर्स्थापित केल्या तर जुना ‘एसए’ पासवर्ड विचारलाच जात नाही. तीन अटी लक्षात ठेवाव्यात. नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्या आवृत्तीवर उघडत नाही. डेटाबेसला पारदर्शक एन्क्रिप्शन, म्हणजे टीडीई, लावलेले असेल तर मूळ सर्व्हरवरील प्रमाणपत्र आणि त्याची खासगी किल्ली हवीच. आणि डेटाबेसमधील वापरकर्ते नव्या सर्व्हरवरील लॉगिनशी जुळत नाहीत, कारण दोघांमधील अंतर्गत ओळखक्रमांक वेगळा असतो. ‘अल्टर यूझर’ या आज्ञेत ‘विथ लॉगिन’ देऊन ती सांगड पुन्हा घालावी लागते. पासवर्ड बरोबर असूनही सॉफ्टवेअरला डेटाबेस मिळत नाही, असे स्थलांतरानंतर दिसले तर कारण बहुधा हेच असते.

मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल

लिनक्सवर या दोघांबाबत आधी एक साधी गोष्ट करून पाहावी. उबुंटूसारख्या प्रणालींत मायएसक्यूएलचे ‘रूट’ खाते आणि मारियाडीबीच्या १०.४पासूनच्या आवृत्त्यांतील तेच खाते ऑपरेटिंग सिस्टीमच्या ओळखीवर उघडते. ‘सुडो’ (ॲडमिन म्हणून आज्ञा चालवण्याची लिनक्सची सोय) लावून त्यांचा क्लायंट प्रोग्रॅम चालवला की पासवर्ड मागितलाच जात नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्येही ‘पोस्टग्रेस’ या सिस्टीम वापरकर्त्याच्या नावाने ‘पीएसक्यूएल’ हा त्याचा क्लायंट प्रोग्रॅम चालवल्यास ‘पीअर’ पद्धतीने, म्हणजे सिस्टीमच्या ओळखीवर, आत जाता येते. पुढचा सगळा खटाटोप अनेकदा इथेच वाचतो.

तसे न झाल्यास मायएसक्यूएलसाठी दोन मार्ग आहेत. प्रसिद्ध आहे तो ‘स्किप-ग्रँट-टेबल्स’चा, ज्यात सर्व्हर परवानग्यांकडे दुर्लक्ष करून सुरू होतो. तो चालतो, पण त्या वेळात जो कोणी जोडेल त्याला सर्व काही खुले असते. ८.० आवृत्तीत हा पर्याय वापरला की नेटवर्कवरून येणाऱ्या जोडण्या आपोआप बंद होतात; जुन्या आवृत्त्यांत ‘स्किप-नेटवर्किंग’ आपण स्वतः जोडावे लागते. शिवाय या पद्धतीत पासवर्ड बदलण्याची आज्ञा सर्व्हर नाकारतो. आधी ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ दिल्यावरच ती चालते. दुसरा मार्ग ‘इनिट-फाइल’चा आणि मी तोच सुचवेन. पासवर्ड बदलणारी एक ओळ, म्हणजे ‘अल्टर यूझर’ची आज्ञा, एका मजकूर फाइलमध्ये लिहावी, सर्व्हरची सर्व्हिस थांबवावी आणि त्या फाइलचा पत्ता देऊन सर्व्हर एकदा सुरू करावा. सुरू होताना तो ती ओळ चालवतो, आणि परवानग्यांची व्यवस्था एक क्षणही बंद पडत नाही. काम झाल्यावर ती फाइल पुसून टाकावी, कारण नवा पासवर्ड तिच्यात उघडा लिहिलेला आहे. एकाच नावाची खाती वेगवेगळ्या यंत्रांसाठी स्वतंत्र असतात, त्यामुळे ‘लोकलहोस्ट’वरील ‘रूट’चा पासवर्ड बदलला म्हणजे बाहेरून येणाऱ्या ‘रूट’चा बदलला असे होत नाही.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये कोणाला कोणत्या पद्धतीने आत घ्यायचे हे ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’ या फाइलमध्ये ओळीओळीने लिहिलेले असते आणि सर्व्हर वरून खाली वाचत जाऊन पहिली जुळणारी ओळ पाळतो. पुष्कळ ठिकाणी सरसकट सर्व ओळींतील पद्धत बदलून ‘ट्रस्ट’, म्हणजे पासवर्ड न विचारता आत घेणे, करावी असे सुचवलेले आढळते. तसे करू नये. फाइलची प्रत घ्यावी आणि सर्वांत वर एकच ओळ घालावी: फक्त ‘पोस्टग्रेस’ हा डेटाबेस, फक्त ‘पोस्टग्रेस’ हा वापरकर्ता, फक्त १२७.०.०.१ हा पत्ता, पद्धत ‘ट्रस्ट’. सर्व्हिस बंद करण्याची गरज नाही, रीलोड, म्हणजे फाइल पुन्हा वाचायला लावणे, पुरते; चालू असलेले काम थांबत नाही. आत गेल्यावर ‘पीएसक्यूएल’मधील ‘पासवर्ड’ या उलट्या तिरप्या रेघेने (बॅकस्लॅशने) सुरू होणाऱ्या आज्ञेने नवा पासवर्ड द्यावा, म्हणजे तो सरळ अक्षरांत लॉगमध्ये उमटत नाही. खात्याची मुदत संपलेली असेल तर ‘व्हॅलिड अंटिल’ही पुढे न्यावी. मग ती ओळ काढावी, पुन्हा रीलोड करावे आणि चुकीचा पासवर्ड देऊन नकार मिळतो ना हे मुद्दाम पाहावे.

ओरॅकल

ओरॅकलमध्ये सर्व्हरच्या यंत्रावर विंडोजमधील ‘ओआरए_डीबीए’ किंवा लिनक्समधील ‘डीबीए’ गटाचा सदस्य पासवर्डाशिवाय ‘सिसडीबीए’ म्हणून जोडू शकतो आणि मग ‘अल्टर यूझर’ने पासवर्ड बदलून ‘अकाउंट अनलॉक’ करू शकतो. ११जीपासून मूळ प्रोफाइलमध्ये पासवर्डाची मुदत १८० दिवसांची आणि चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा १० आहे, हे कळल्यावर ‘कोणी पासवर्ड बदलला?’ हा संशय अनेकदा मिटतो. सॉफ्टवेअरचे खाते एखाद्या जोडलेल्या उपडेटाबेसमध्ये असेल, तर आधी ‘अल्टर सेशन’ने त्या कंटेनरमध्ये जावे लागते.

सर्व्हर आपल्याकडे नसेल तर

क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या डेटाबेसमध्ये वरीलपैकी काहीच करावे लागत नाही. ॲमेझॉन आरडीएसमध्ये इन्स्टन्स ‘मॉडिफाय’ करून मुख्य पासवर्ड नव्याने देता येतो, अझूर एसक्यूएलमध्ये सर्व्हरच्या पानावरच तो बदलण्याचा पर्याय आहे. खरी अडचण एक पायरी वर असते: क्लाउडचे खाते ज्या ईमेलवर उघडले तो पत्ता आणि दुसऱ्या पडताळणीचा फोन कोणाकडे आहे? ते सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर असतील, तर बिलाची कागदपत्रे घेऊन सेवादात्याकडेच जावे लागते.

सॉफ्टवेअरचे स्वतःचे लॉगिन

येथे सर्वांत मोठा मोह असतो तो डेटाबेस उघडून वापरकर्त्यांच्या तक्त्यात थेट बदल करण्याचा. तो आवरावा. हॅशमध्ये बहुधा प्रत्येक खात्यागणिक वेगळे ‘मीठ’ (सॉल्ट), म्हणजे जादा यादृच्छिक अक्षरे, मिसळलेले असते, काही सॉफ्टवेअर त्या ओळीची अखंडता तपासतात आणि एखादी ओळ बिघडली तर विक्रेता मदत नाकारू शकतो. त्याऐवजी क्रम असा ठेवावा: दुसरा कोणी ॲडमिन आहे का पाहावे, ‘पासवर्ड विसरलात?’ या मार्गाचे पत्र कोणत्या पत्त्यावर जाते ते पाहावे. मग विक्रेत्याची अधिकृत रीत वापरावी. खुल्या स्रोताच्या प्रणालींत ही रीत सर्व्हरवरील एका आज्ञेत असते. ईआरपीनेक्स्टमध्ये ‘बेंच’च्या ‘सेट-ॲडमिन-पासवर्ड’ने आणि जँगोवर बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंजपासवर्ड’ने हे काम होते, आणि हॅश कोणत्या प्रकारचा हवा याची काळजी ती आज्ञाच घेते.

माहितीच एन्क्रिप्ट असेल तर

या ठिकाणी आशा मोजून मापून ठेवावी लागते. ॲक्सेसच्या जुन्या एमडीबी फाइलींचा पासवर्ड कच्चा होता आणि तो काढून देणारी साधने सर्रास मिळत. ॲक्सेस २००७मध्ये आलेल्या एसीसीडीबी स्वरूपात मात्र पासवर्ड लावला की फाइलच एन्क्रिप्ट होते. एसक्यूलाइटच्या फाइलींसाठी वापरल्या जाणाऱ्या एसक्यूएलसायफरच्या चौथ्या आवृत्तीत तर पासवर्डापासून किल्ली बनवताना २,५६,००० फेऱ्यांचे गणित होते, म्हणजे अंदाज लावणाऱ्याला प्रत्येक प्रयत्नाची किंमत मोजावी लागते.

साधे गणित करून पाहावे. कळफलकावरील ९४ चिन्हांतून निवडलेल्या १२ यादृच्छिक चिन्हांचा पासवर्ड असेल, तर सेकंदाला १० लाख प्रयत्न केले तरी सर्व शक्यता संपवायला सुमारे दीड हजार कोटी वर्षे लागतील. म्हणून ‘हमखास उघडून देतो’ असे सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. पण पासवर्ड माणसाने बनवलेला असेल आणि त्याचा साचा आठवत असेल, जसे ठरावीक शब्द, शेवटी वर्ष, मध्ये एखादे चिन्ह, तर शक्यता काही हजारांवर येतात आणि त्या प्रतीवर, मूळ फाइलला न छेडता, तपासून पाहता येतात. ज्याने पासवर्ड ठेवला त्याच्याशी बोलून साचा लिहून काढणे हे कोणत्याही साधनापेक्षा उपयोगी पडते. कॅप्स लॉक, मराठी कळफलक चालू राहिल्याने उमटलेली अक्षरे, नोंदवहीत शून्य आणि ‘ओ’ यांतील घोटाळा, या शक्यताही त्या यादीत घ्याव्यात.

तेही नसेल तर उरतो तो आडमार्ग: एन्क्रिप्शन लावण्यापूर्वीचा बॅकअप, एक्सेलमध्ये काढलेले अहवाल, छापील खतावण्या, बँकेची विवरणे, लेखापरीक्षकाला दिलेली प्रत. यांतून आरंभीच्या शिलका उभ्या करून सॉफ्टवेअरमध्ये नव्या कंपनीची खाती सुरू करणे कंटाळवाणे असले तरी ते होण्यासारखे काम आहे, आणि निर्णय लवकर घेतला तर भरायच्या नोंदी कमी राहतात.

आत गेल्यानंतर

पासवर्ड बदलला की त्या खात्यावर अवलंबून असलेले बाकी सगळे एकेक करून बंद पडू लागते: रात्रीचा बॅकअप, अहवाल, दुसऱ्या शाखेची जोडणी, ईमेल पाठवणारी छोटी सर्व्हिस. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘सिस.डीएम_एक्झेक_सेशन्स’ या दृश्यातून (व्ह्यूमधून) कोणत्या यंत्रावरून कोणता प्रोग्रॅम कोणत्या नावाने जोडला आहे हे दिसते. पासवर्ड बदलण्याआधी ही यादी काढून ठेवली तर दुसऱ्या दिवशीची धावपळ वाचते. बदलल्यानंतर काही दिवस एररलॉगमधील नकार रोज वाचावेत. जुना पासवर्ड घेऊन दार ठोठावणारे विसरलेले प्रोग्रॅम तिथे आपोआप सापडतात, आणि ज्याने यायला नको तो येतो आहे का, हेही कळते.

सॉफ्टवेअर ‘एसए’ किंवा ‘रूट’ वापरत असेल तर ही संधी साधून त्याला पुरतील एवढ्याच परवानग्यांचे स्वतंत्र खाते करून द्यावे. आपण तात्पुरते वाढवलेले अधिकार, ‘ट्रस्ट’ची ओळ, ‘इनिट-फाइल’ आणि इकडेतिकडे केलेल्या प्रती हे सगळे सुरुवातीपासून ठेवलेल्या नोंदीवरून तपासत एकेक काढून टाकावे. प्रतींकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यांत संपूर्ण व्यवसाय भरलेला आहे.

मुख्य अधिकाराची खाती किमान दोन व्यक्तींकडे असावीत, प्रत्येकाचे आपापल्या नावाचे. आणीबाणीसाठीचा पासवर्ड, टीडीईचे प्रमाणपत्र व त्याची खासगी किल्ली, बिटलॉकरची रिकव्हरी की आणि विक्रेत्याचा परवाना क्रमांक हे सर्व पासवर्ड मॅनेजरमध्ये तर ठेवावेच, शिवाय मोहरबंद पाकिटात सर्व्हरपासून दूरही ठेवावे. त्यानंतर बॅकअप दुसऱ्या यंत्रावर पुनर्स्थापित करावा आणि त्या पाकिटातील गोष्टी वापरून डेटाबेस खरोखर उघडतो का, हे एकदा करून पाहावे. ही तालीम ज्याने पाकीट बंद केले त्याच्याऐवजी दुसऱ्या व्यक्तीकडून करवून घ्यावी.